लेखनिकाला अर्थ कळतो तेव्हा

खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खालापूरच्या बाजूस निघाले की थोडक्याच अंतरावर महडचा फाटा लागतो, आणि चतुर्थीच्या दिवशी त्या फाट्यावर गाड्यांची आणि माणसांची जी दाटी होते ती पाहता अष्टविनायकांपैकी येथला वरदविनायक आपल्या नावाला पुरेपूर जागत असावा असे मानण्यास प्रत्यवाय दिसत नाही. १६९० च्या सुमारास येथील तळ्यात मूर्ती सापडली, आणि १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधविले, हा वृत्तांत येथे सर्वांच्या तोंडी आहे. गाभाऱ्यातील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचेही सांगतात. या देवळाच्या सभामंडपात बसलेल्या कोणाही भाविकास, गणपतीने लेखणी हाती धरून कोणता ग्रंथ लिहिला असे विचारावे, आणि त्याने विनाविलंब महाभारताचे नाव घ्यावे, इतकी ती कथा आपल्या रक्तात भिनलेली आहे: व्यासांनी सांगायचे, गणपतीने लिहायचे, मध्ये लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट, आणि अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही उमटवू नये ही व्यासांची उलट अट, पुढे लेखनिकाचा हात अंमळ थबकावा म्हणून व्यासांनी आठ हजार आठशे कूट श्लोक मध्ये मध्ये पेरले, आणि गणपती त्यांचा उलगडा करीत बसला असता आपण पुढच्या श्लोकांची जुळवाजुळव करून घेतली.

ही कथा मूळ महाभारतात नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम शिरावर घेतले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांनी त्याला शास्त्रशुद्ध वळण दिले, आणि शारदेपासून मल्याळमपर्यंत नाना लिप्यांतील १,२५९ पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्याचा तो खटाटोप १९६६ मध्ये, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत, पूर्णतेस गेल्याचे जाहीर झाले. आदिपर्व सुखटणकरांनी स्वतः संपादिले, ते १९३३ मध्ये पुरे झाले, आणि त्यात गणपती हा लेखनिक असल्याचे आख्यान संहितेतून काढून परिशिष्टात ठेवलेले आहे, कारण जुन्या आणि विश्वासार्ह ठरलेल्या पोथ्यांचा त्याला आधार मिळाला नाही. पुढे फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा आणि कृष्णाने तिला वस्त्रे पुरविल्याचा भागही तळटीपांकडे गेला. वस्त्रे पुरतात, ती कोण पुरवितो हे मात्र जुन्या संहितेने सांगितलेले नाही.

एवढे झाले तरी महडच्या रांगेत एकही माणूस कमी झाला नाही, आणि व्हावयास नकोच होता. परंतु ज्या प्रश्नाकडे विद्वान लोक केवळ पाठचिकित्सेचा प्रश्न म्हणून आणि भाविक लोक केवळ नास्तिकांचा आक्षेप म्हणून पाहतात, तो प्रश्न या एका उदाहरणाने आपल्या दारात येऊन उभा राहतो. धर्मग्रंथ शतकानुशतके जसाच्या तसा राहतो काय? राहतो, असे म्हणणाऱ्याला पोथ्या दाखविता येतात. राहत नाही, असे म्हणून मोकळा होणाऱ्यालाही आळशीच म्हटले पाहिजे, कारण काही ग्रंथ तीन-तीन हजार वर्षे स्वरासकट टिकलेले आहेत ही गोष्ट त्याला गिळता येत नाही आणि ओकताही येत नाही. मला या वादात निराळीच गोष्ट नजरेत भरते. व्यासांची म्हणून जी अट त्या प्रक्षिप्त कथेत घातली आहे, ती घालणारा कवी जो कोणी असेल त्याला ग्रंथांच्या आयुष्याचे मर्म ठाऊक असले पाहिजे. कारण अर्थ न कळता लिहिणारा लेखनिक चुका करतो खरा, परंतु ग्रंथ वाढवितो तो अर्थ कळलेला लेखनिक, आणि ही कथा महाभारतात घुसविणारा माणूस तरी दुसऱ्या कोणत्या जातीचा होता?

याची उलट बाजू वेदांच्या घरी पाहावयास मिळते. ऋग्वेदाची १,०२८ सूक्ते आज नाशिकचा घनपाठी म्हणतो आणि केरळातला नंबुद्री म्हणतो, त्यांत उच्चाराचा आणि स्वराच्या ढबीचा भेद असला तरी अक्षरांचा भेद जवळपास नाही, आणि ही करामत कागदाची नसून कंठाची आहे. संहितेची पदे शाकल्याने तोडून ठेविली. त्या पदांचा मग क्रम बांधला, जटा बांधली, घन बांधला, पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे पहिल्याशी, पुन्हा पहिले दुसऱ्याशी आणि मग तिसऱ्याशी असे उलटसुलट फिरवीत नेण्याची ती युक्ती अशी, की एखादे अक्षर सुटले वा एखादा स्वर ढळला तर पुढच्याच फेऱ्यात तो अपराध म्हणणाऱ्याच्या पदरात पडावा. जगातील कोणत्याही छापखान्यात मुद्रिते तपासण्याची याहून कडक व्यवस्था असल्याचे मला माहीत नाही. परंतु या व्यवस्थेची किंमत काय पडली ते यास्काच्या निरुक्तात नमूद आहे. तेथे कौत्स नावाच्या आचार्याचे मत पूर्वपक्ष म्हणून मांडलेले आहे, आणि ते मत असे की मंत्रांना अर्थच नाही: शब्द बदलता येत नाहीत, क्रम बदलता येत नाही, तेव्हा त्यांचे काम म्हणण्याचे आहे, समजण्याचे नव्हे. यास्काने त्याचे खंडन केले, आणि अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला नुसते ओझे वाहणारा खांब ठरविले, हे खरे. तथापि ज्या समाजात असा पूर्वपक्ष गंभीरपणे मांडता येतो त्या समाजात अक्षरांची राखण कोणत्या मार्गाने झाली असावी हे सांगण्यास ज्योतिष्याची गरज नाही. अर्थाचा ज्याला मोह नाही त्याचा हात अक्षराकडे जात नाही.

आणि तरीही एक हिशेब राहतोच. पतंजलीच्या काळी ऋग्वेदाच्या एकवीस शाखा, यजुर्वेदाच्या एकशे एक, सामवेदाच्या हजार आणि अथर्वाच्या नऊ असल्याचे महाभाष्यात सांगितले आहे. आज जो ऋग्वेद आपण अविकृत म्हणतो तो प्रायः एका शाकल शाखेचा. म्हणजे जे टिकले ते न बदलता टिकले, याच्या पाठीशी जे टिकले नाही त्याची फार मोठी यादी उभी आहे. पतंजलीला स्वतःला ही अडचण दिसत होती. वेद कोणी केलेले नाहीत, ते नित्य आहेत, असे म्हणावे तर काठक, कालापक, पैप्पलाद अशी निरनिराळ्या ऋषींच्या नावांनी निरनिराळी रूपे का दिसतात, या शंकेवर त्याने दिलेले उत्तर मला सगळ्या वैदिक वाङ्मयातील धीट वाक्यांपैकी एक वाटते: अर्थ नित्य आहे, अक्षरांची आनुपूर्वी मात्र अनित्य आहे. मीमांसकांना हे मानवले नाही, कारण आनुपूर्वी सैल सोडली की यज्ञाचा सगळा डोलारा सैल होतो. परंतु व्याकरणकाराने, ज्याचा सारा व्यवहार अक्षरांशी, त्याने अक्षरांना अनित्य म्हणावे आणि यज्ञ करणाऱ्याने, ज्याला फळ हवे, त्याने अक्षरांना चिकटून राहावे, यात केवढी तरी मौज आहे.

आमच्या कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे ती कोरली असावीत. तेथील एका शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे, त्यात कण्ह नावाच्या गुरूच्या बलक नामक शिष्याने हे काम केल्याचा निर्देश आहे. लेणी खोदली गेली त्याच शतकाच्या सुमारास, सिंहलद्वीपात, दुष्काळाने आणि स्वाऱ्यांनी भिक्षुसंघ विखुरला जाण्याची भीती उत्पन्न झाल्यामुळे, तोवर केवळ भाणकांच्या मुखी असलेले त्रिपिटक पहिल्याने तालपत्रांवर उतरविले गेले असे तेथील परंपरा सांगते. म्हणजे बोरघाटाच्या आसपासच्या वाटांनी जे भिक्षू वरखाली करीत त्यांच्या झोळीत पोथी नव्हती. बुद्धवचन त्यांच्याजवळ होते ते पाठांतराचे होते, आणि पुढे पाली, गांधारी, संस्कृत अशा भाषांतून जे धम्मपद हाती आले त्यांच्यातले फरक पाहिले म्हणजे ते पाठांतर सर्वत्र एकसारखे नव्हते हेही उघड होते. बलकाचे नाव मात्र दोन हजार वर्षांत एका काना-मात्रेने ढळलेले नाही. ते कोणी म्हणत नाही, कोणी त्यावर प्रवचन करीत नाही, कोणाला त्याचा उपयोग नाही. मग ते कशाला बदलेल?

खुद्द खोपोलीत नाना फडणिसांनी बांधविलेले विरेश्वराचे देऊळ आणि त्यापुढचे विस्तीर्ण तळे आहे. घाट चढण्यापूर्वी माणसांना आणि बैलांना पाणी मिळावे ही त्यातली सोय. ज्या नानांनी हे तळे बांधविले त्यांच्या दफ्तरात एखाद्या सनदेची वा इनामपत्राची नक्कल करावयाची झाली तर ती अस्सलाशी मुकाबला करून रुजू करावी लागे. खाडाखोड आढळल्यास तो मजकूर संशयित, आणि अस्सलच गहाळ झाल्यास साक्षीपुरावा, मागील वहिवाट, शेजारगावचे दाखले, असे सारे पाहून कारकुनाने नवा कागद सिद्ध करावा, परंतु तो नवा केला आहे हे त्यावर लिहून ठेवावे. एक बिघा जमिनीच्या कागदाची जी काळजी घेतली जाई ती मोक्षाच्या कागदाची घेतली जात नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो. आणि बहुतेक ग्रंथांपुरते ते खरेही आहे. संतांच्या अभंगांची वही उतरवून घेणाऱ्या वारकऱ्याने मुकाबला केला तो आपल्या कानाशी आणि आपल्या भक्तीशी. परंतु महाराष्ट्राच्या धर्मग्रंथांच्या इतिहासात एक पुरुष असा आहे की ज्याने दफ्तराची शिस्त आणि भक्ताचे अंतःकरण एकाच बैठकीत बसविले.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. नेवाशाला ज्ञानदेव बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतले असा तिचा जन्मवृत्तांत आहे. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षे ती हाताहातांतून उतरत गेली, यादवांचे राज्य बुडाले, बहामनी आली आणि मोडली, मराठी भाषेची प्रत्ययव्यवस्था पालटली, जुने शब्द ऐकणाऱ्याला कळेनासे झाले, आणि कळेनासा झालेला शब्द लिहिणाऱ्याच्या हातून कळेलसा होऊ लागला. शिवाय निरूपण करणाऱ्या बुवांनी उत्साहाच्या भरात रचलेल्या ओव्या समासातून संहितेत शिरल्या. शके १५०६ मध्ये, तारण नाम संवत्सरी, भाद्रपदातील कपिलाषष्ठीच्या पर्वावर पैठणच्या एकनाथांनी तिची प्रतिशुद्धी पुरी केली, आणि हे आपण केले असे ग्रंथाच्या शेवटी स्वतःच्या ओव्यांत तिथीवारासकट सांगून ठेविले. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी तो अशुद्ध झाला, म्हणून प्रती मिळवून तो शोधला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. आणि यापुढे जो कोणी यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा इशारा.

या इशाऱ्याकडे आपण फार भाबडेपणाने पाहतो. नाथांसारखा कवी, ज्याने भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतःची हजारो ओव्यांची टीका रचली आणि भारुडांतून महारापासून जोशापर्यंत सर्वांच्या तोंडची भाषा उभी केली, त्याला ज्ञानेश्वरीत चार ओव्या बेमालूम घालणे डाव्या हातचा मळ होता, आणि त्या कोणाला ओळखू आल्या नसत्या. त्याने त्या घातल्या नाहीत एवढ्याने त्याच्या संयमाची थोरवी संपत नाही. दुसऱ्यांनी घातलेल्या ओव्या कोणत्या हे ठरविण्यासाठी त्याला ज्ञानदेवांचा अर्थ ज्ञानदेवांइतकाच कळावा लागला, म्हणजे व्यासांची अट त्याने पाळली, आणि तरीही त्या अर्थाचा कैफ हातापर्यंत येऊ दिला नाही. अशी माणसे फार थोडी. आळंदीच्या समाधीत ज्ञानदेवांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली होती, ती नाथांनी काढली, अशी आख्यायिका आहे, आणि ती ज्याने रचली त्याने मुळी पायाला वा हाताला लावली नाही, गळ्यालाच लावली, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे.

परंतु नाथांच्या यशाचीच एक उलट फळे देणारी बाजू आहे. त्यांची प्रत इतकी मान्य झाली की पुढील बहुतेक सर्व प्रती तिच्याच वंशातल्या झाल्या, आणि तिच्या आधीचे रूप जवळजवळ अस्तंगत झाले. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली, त्यानंतर छापील प्रतींचा सुकाळ झाला. सोनोपंत दांडेकरांच्या सार्थ ज्ञानेश्वरीपर्यंत सांप्रदायिक पाठाची मुख्य धारा नाथांचीच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला सापडलेल्या एका पोथीवरून, ती एकनाथांच्या पूर्वीची असल्याचा दावा करून, निराळी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरणही लिहिले, तेव्हा वारकरी दुखावले आणि विद्वानांतही कलह माजला. राजवाड्यांचा स्वभाव माघार घेण्याचा नव्हता. त्या पोथीच्या प्राचीनत्वाविषयी शंका घेणाऱ्यांचीही कारणे क्षुल्लक नव्हती. माझ्यापुरते मी असे म्हणेन की राजवाड्यांची संहिता वाचताना तेराव्या शतकाचा जुनाट, खडबडीत आणि म्हणूनच सच्चा वाटणारा नाद कानी येतो, आणि नाथांची वाचताना ज्ञानदेवच भेटतात. हा विरोध कोणत्याही तर्काने मिटवून टाकण्याची मला घाई नाही.

गीतेपुरतेही हेच. सातशे श्लोक हे आपल्याला वेदवाक्यासारखे झाले ते शंकराचार्यांच्या भाष्यामुळे. ज्ञानदेवही त्याच सातशेंवर बोलले. परंतु महाभारताच्या कित्येक पोथ्यांत गीतेचे मान सातशे पंचेचाळीस सांगणारा श्लोक आहे, काश्मीरच्या परंपरेत काही श्लोक अधिक आहेत, आणि तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा एक प्रश्न धरला तर सातशे एक होतात. त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

याहून अधिक बोलावे असे कार्य महानुभावांनी केले आहे, आणि आमच्या वारकरी बाजूला त्याची पुरती ओळख अजूनही झालेली नाही. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले त्याच्याच तोंडून ऐकून, जमविल्या. पुढे सुलतानी स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ प्रत नाहीशी झाली, आणि ज्यांना लीळाचरित्र मुखोद्गत होते अशांच्या आठवणीवरून ते पुन्हा उभे करावे लागले. येथे दोन मार्ग होते. एक, सर्व आठवणी घोटून एकजीव करायच्या आणि हेच मूळ म्हणून शिक्का मारायचा. महानुभावांनी दुसरा मार्ग धरला: हिराइसेची आठवण अशी, रामेश्वरबासांची अशी, परशरामबासांची अशी, हे भेद त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी टिपून ठेविले, आणि त्यांना वासना असे नाव दिले. पाठभेद नावासकट नोंदविण्याची ही रीत सुखटणकरांच्या सहाशे वर्षे आधी, मराठीत, रानोमाळ पांगलेल्या एका पंथाने अंगीकारली होती, हे लक्षात घेतले म्हणजे चिकित्सा ही पाश्चात्त्यांकडून आलेली वस्तू आहे असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या दोन्ही प्रकारच्या लोकांनी, म्हणजे त्याबद्दल कृतज्ञ असणाऱ्यांनी आणि त्याबद्दल संतापणाऱ्यांनी, थोडे थांबावे असे वाटते. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कोंडून ठेविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बाहेरच्या वाचकाला अगम्य राहिले. कोंडल्याने ते भेसळीपासून वाचले आणि वाचकांपासूनही वाचले.

नामदेवांच्या पदांची कथा तर एखाद्या प्रयोगासारखी आहे. एकाच संताची वाणी दोन प्रांतांत दोन निरनिराळ्या दैवांना सामोरी गेली. पंजाबात त्यांची एकसष्ट पदे १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात घेतली गेली. पुढे तोच ग्रंथ गुरू मानला गेल्याने त्यातील अक्षराला हात लावण्याची कोणाची छाती नाही, आणि आज त्याची प्रत कोठेही उघडली तरी तीच १,४३० पाने आणि प्रत्येक पानावर तीच वाणी. महाराष्ट्रात त्याच नामदेवांची गाथा फुगत फुगत दोन हजारांच्या वर गेली, विष्णुदास नामा या मागाहून झालेल्या कवीचे अभंग तिच्यात मिसळून गेले, आणि कोणता नामा कोणता हे सांगताना आजही पंडितांची त्रेधा उडते. पंजाबने नामदेवांचे अक्षर राखले. पंढरीच्या वाटेने त्यांना बोलते ठेविले, आणि बोलत्या माणसाच्या तोंडी दुसऱ्याचे चार शब्द घातले जातातच.

तुकारामबोवांची तर गाथाच इंद्रायणीत बुडविली गेली. खोपोलीकराला ही नदी परकी नाही, कारण लोणावळे-वळवणच्या तलावांत साठलेले पाणी, जे एरवी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून इंद्रायणी-भीमेच्या वाटेला लागले असते, ते १९१५ पासून टाटांच्या नळांतून घाट उतरून आमच्या वीजघराची चक्रे फिरविते आणि पाताळगंगेला मिळते. पाणी तेच, समुद्र निराळा. तुकोबांच्या अभंगांचेही असेच झाले. १८६९ आणि १८७३ मध्ये मुंबई सरकारने २४,००० रुपये मंजूर करून शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांच्याकरवी इंदुप्रकाश छापखान्यात जी गाथा काढविली तिची पुढे ४,६०७ अभंगांची म्हणून ख्याती झाली. तुकाराम तात्या नावाच्या संग्राहकाने काढलेल्या गाथेत संख्या आठ हजारांवर गेली. आणि ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भाव्यांनी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून जो अस्सल गाथा छापला त्यात तेराशेंच्या घरातच अभंग भरले. नदीतून वर आल्यावर गाथा घटायच्या ऐवजी वाढत गेली, असे म्हटले तर ते थट्टेचे वाटेल. पण एखाद्या अनाम कीर्तनकाराने आपला सर्वांत चांगला अभंग तुका म्हणे अशी मुद्रा लावून टाकून द्यावा, स्वतःचे नाव पुसून टाकावे, याला लबाडी म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. लबाडीत माणूस काही मिळवितो. याने मिळविले काय?

आणखी एका समाजाची गोष्ट सांगितल्यावाचून या विषयाचे आमच्या जिल्ह्यापुरते तरी वर्तुळ अपुरे राहील. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणि पनवेल-पेणकडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तेलघाणे चालविणारे, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणविले जाणारे बेने इस्राएल, यांच्याजवळ दीर्घकाळ धर्मग्रंथच उरला नव्हता. यहुदी धर्मात तोऱ्हाच्या गुंडाळीचे एक अक्षर चुकले तर ती वाचनास अपात्र ठरते, इतका अक्षराचा कडकपणा. आणि येथे गुंडाळीच नाही, हिब्रूही विसरलेले. उरले होते शनिवार पाळणे, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, आणि ईश्वर एकच आहे असे सांगणारी शेमा ही एक प्रार्थना. कोचीनच्या यहुद्यांनी येऊन त्यांना पुन्हा ग्रंथाची ओळख करून दिली, पुढे मराठी अर्थासह हागादा ही त्यांची सणाची पोथी छापली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यातील मंडळींनी योसेफादिकांची आख्याने चक्क मराठी कीर्तनाच्या ढंगाने रंगविली. १९४७ पासून मृतसमुद्राकाठच्या गुहांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुंडाळ्या सापडत गेल्या तेव्हा यशया या प्रवक्त्याचा ग्रंथ बहुतांशी आजच्यासारखाच निघाला, परंतु यिर्मयाच्या ग्रंथाचे प्रचलिताहून बरेच आखूड असे हिब्रू रूपही तेथेच मिळाले. या दोहोंपैकी जो ज्याला सोयीचा तो दाखला त्याने उचलला. मला मात्र त्या गुहांपेक्षा आमच्या घाणेवाल्यांचे नवल अधिक वाटते, कारण अक्षर संपूर्ण गेल्यावरही त्यांना आपण कोण याचा विसर पडला नव्हता, आणि अक्षर परत आले तेव्हा ते त्यांनी ओळखले.

भाताची झोडणी आटोपली की आमच्या खालापूर-कर्जतकडच्या गावांतून हरिनाम सप्ताहांचे मांडव पडतात आणि सकाळच्या प्रहरी ज्ञानेश्वरीचे पारायण बसते. कोणापुढे आजोबांच्या वेळची शिवण उसवलेली प्रत असते, कोणी यंदाच आळंदीहून आणलेली, कोणाची साखरे संप्रदायाची, कोणाची दांडेकरांची. सर्वांचा आवाज एका लयीत चालतो, आणि मध्येच एखाद्या ओवीशी ती लय क्षणभर अडखळते, कारण एकाच्या प्रतीत एक शब्द असतो आणि दुसऱ्याच्या प्रतीत दुसरा. बऱ्याच स्वस्त प्रतींवर कोणत्या पोथीवरून वा कोणत्या आवृत्तीवरून मजकूर घेतला याचा मागमूसही नसतो. चारशे वर्षांपूर्वी एकनाथांनी तिथी, संवत्सर आणि आपले नाव ही तिन्ही दिली, आणि आजचा छापणारा किंमत आणि दुकानाचा पत्ता तेवढा देतो. त्याने आपला आधार पहिल्या पानावर छापावा, आणि जेथे शब्द संशयित असेल तेथे दुसरा पाठ तळाशी द्यावा, एवढीच माझी मागणी आहे, आणि तीत वारकऱ्याला दुखवण्याजोगे काही नाही असे मला वाटते. असा अडखळा आला म्हणजे व्यासपीठावरचे बुवा बहुधा आपल्या प्रतीतला शब्द थोडा मोठ्याने म्हणतात आणि पुढे चालू लागतात. मागे बसलेला एखादा म्हातारा आपल्या प्रतीतलाच शब्द म्हणत राहतो, आणि त्याला कोणी थांबवीत नाही.